पंचाच्या मानधनावर घर चालेल का?

प्रश्न : मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार आहे. माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. कॉलेजात असताना तो बॉक्सिंगमध्ये राज्य पातळीपर्यंत खेळला, पण मनगटाच्या दुखापतीमुळे खेळ सुटला. सध्या तो एका जिममध्ये मुलांना बॉक्सिंग शिकवतो आणि महिन्याला २२,००० रुपये घरी आणतो. अमेरिकेत एका लढतीसाठी पंचाला २५,००० डॉलर मिळाले, असे त्याच्या वाचनात आले आणि तेव्हापासून जिम सोडून पूर्णवेळ पंच व्हायचे त्याने मनावर घेतले आहे. बॉक्सिंगच्या पंचाला खरोखर किती पैसे मिळतात? त्यावर संसार चालेल का? त्याच्यासाठी स्थळे पाहणे सुरू आहे. मुलगा काय करतो, असे कोणी विचारले तर मी काय सांगावे?
– एक वाचक, खडकी

उत्तर : आपल्या मुलाने वाचलेला आकडा खरा आहे, म्हणून आधी तोच नीट समजून घेऊ. २ मे २०१५ रोजी लास व्हेगासमध्ये फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्यात जी लढत झाली, तिचे रेफरी केनी बेलेस यांना २५,००० डॉलर आणि रिंगबाहेर बसून गुण देणाऱ्या तीन जजांना प्रत्येकी २०,००० डॉलर मिळाले होते. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये मेवेदर आणि कॉनर मॅकग्रेगर यांच्या लढतीत रॉबर्ट बर्ड यांनाही रेफरी म्हणून तेवढीच रक्कम मिळाली. त्या वेळच्या दराने हे सुमारे १६ लाख रुपये होतात, म्हणजे आपल्या मुलाचा आजचा सहा वर्षांचा पगार. एका रात्रीत सहा वर्षांचा पगार मिळतो असे वाचून २६ वर्षांच्या मुलाचे मन तिकडे धावले, यात त्याची काहीच चूक नाही.

मात्र त्याच आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. २०१५ च्या त्या लढतीची नुसती तिकीटविक्री ७ कोटी २० लाख डॉलरच्या घरात गेली होती, आणि घरोघरी पैसे भरून लढत पाहणाऱ्यांकडून जमलेली रक्कम तिच्या कितीतरी पट होती. प्रेक्षकाने तिकिटासाठी मोजलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले साधारण साडेतीन पैसे रेफरीच्या वाट्याला आले, असा त्याचा हिशेब होतो. शिवाय अशी लढत काही वर्षांतून एखादी होते आणि तिच्यासाठी एकाच रेफरीची निवड होते. ज्यांची निवड झाली ते बेलेस लास व्हेगासच्या शाळांमध्ये शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. १९९७ साली माइक टायसनने इव्हँडर होलीफिल्डचा कान चावला, त्या लढतीचे रेफरी मिल्स लेन हे नेवाडा राज्यात न्यायाधीश होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत रिंगमध्ये उभे राहणारी ही माणसे. पण त्यांच्या घरची चूल शाळेच्या आणि न्यायालयाच्या पगारावर पेटत होती. आपल्या मुलाला मी सर्वांत आधी हे सांगेन.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पंचाला पगार नसतो. तिकडे प्रत्येक राज्याचे कमिशन पंचाला परवाना देते, कोणत्या लढतीला कोण उभा राहणार हे ठरवते आणि मानधनही मंजूर करते. ते पैसे मात्र लढत भरवणाऱ्या प्रवर्तकाच्या खिशातून येतात. लढत किती फेऱ्यांची आहे, विजेतेपदासाठी आहे की नाही आणि खेळाडूंना किती रक्कम मिळणार आहे, यावर मानधन ठरते. त्यामुळे त्याच संध्याकाळी, त्याच रिंगमध्ये, सुरुवातीच्या चार फेऱ्यांच्या लढतींसाठी उभा राहणारा पंच काहीशे डॉलर घेऊन घरी जातो. बहुतेक पंचांचे सारे आयुष्य या काहीशे डॉलरच्या लढतींमध्येच जाते. त्यात भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, आणि पुढच्या महिन्यात बोलावणे येईलच याची हमीही नाही.

आपल्या देशात व्यावसायिक बॉक्सिंगचा पसारा अजून फार लहान आहे. विजेंदर सिंग २०१५ साली व्यावसायिक झाल्यावर थोडी चलती आली, ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळीला त्याची लढत झाली तेव्हा आपल्याकडच्या लोकांनीही ती उत्साहाने पाहिली. पण वर्षभर सातत्याने अशा लढती होत राहाव्यात आणि त्यावर पंचांचा एक वर्ग जगावा, इतके काम इथे तयार झालेले नाही.

आता पुण्याकडे येऊ, कारण आपल्या मुलाला जे काम मिळेल ते इथेच, आणि हौशी बॉक्सिंगमध्ये मिळेल. हौशी या शब्दामुळे गैरसमज होऊ नये. ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि शालेय अशा सर्व स्पर्धा याच प्रकारात मोडतात. इथे पंचाला मिळते ते प्रवासभाडे, राहण्या-जेवणाची सोय आणि दिवसाचे मानधन किंवा दैनिक भत्ता. दर ठरवणारा संयोजक प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, म्हणून सर्वत्र लागू पडेल असा एकच आकडा नसतो. परंतु जिल्हा आणि शालेय पातळीवर ही रक्कम दिवसाला शेकड्यांत मोजायची असते. वरच्या पातळीवर ती वाढते, प्रवास विमानाने होतो, हॉटेल चांगले मिळते, पण ऑलिंपिकला गेलेल्या पंचालाही त्या कामाचा पगार म्हणता येईल असे काही मिळत नाही.

क्रिकेटच्या पंचांना एवढे मिळते, मग बॉक्सिंगच्या पंचांना का नाही, असे आपल्या मनात येईल. भारतीय क्रिकेट मंडळाने २०२२ साली पंचांचे नवे गट पाडले, तेव्हा वरच्या गटातील पंचांचा दर देशांतर्गत सामन्यासाठी दिवसाला ४०,००० रुपये होता. तो पैसा दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येतो. जिल्हा बॉक्सिंग स्पर्धेला तिकीट नसते, प्रक्षेपण नसते. एखाद्या शाळेचे सभागृह, भाड्याने आणलेली रिंग, एक डॉक्टर, रुग्णवाहिका आणि मुलांचा नाश्ता यांतच जमलेली रक्कम संपते. संयोजक पंचांचे पैसे खातात म्हणून मानधन कमी आहे, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. खेळातच पैसा आलेला नाही.

मी हे ऐकीव माहितीवर लिहीत नाही. बँकेतील नोकरी सांभाळून मी २१ वर्षे जिल्हा आणि राज्य स्पर्धांमध्ये रेफरी व जज म्हणून काम केले आहे. त्या काळातली माझी हिशेबाची वही अजून माझ्याजवळ आहे. मराठवाड्यातील पाच दिवसांच्या एका स्पर्धेचे पान समोर घेतो. जमेच्या बाजूला मानधन ७५० रुपये. खर्चाच्या बाजूला एस.टी.चे भाडे ३१० रुपये, जे नंतर मिळायचे होते आणि मिळाले नाही. पांढऱ्या शर्टांची धुलाई ४० रुपये. आणि त्याखाली लाल शाईने, बिनपगारी रजा दोन दिवस. रेफरीला पांढरा शर्ट, काळी पँट आणि टाच नसलेले काळे बूट लागतात, आणि ते त्याने स्वतःचे न्यायचे असतात. एखाद्या मुलाचे नाक फुटले की शर्टाच्या बाहीवर रक्त उडते आणि दोन लढतींनंतर पुन्हा रिंगमध्ये जायचे असते, म्हणून पिशवीत किमान तीन शर्ट ठेवावे लागत. रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का बसतो, तो थंड पाण्यात मीठ टाकून लगेच चोळावा लागतो, हे मला माझ्या पत्नीने शिकवले. दिवसभरात कधी रेफरी म्हणून आत, कधी जज म्हणून बाहेर, असे पाळीपाळीने काम चालते, आणि सकाळी दहाला सुरू झालेल्या लढती मुले जास्त असली तर दिवेलागणीपर्यंत संपत नाहीत.

एवढे करून मी २१ वर्षे का गेलो, हे सांगितले नाही तर आपल्या मुलाचा ओढा आपल्याला कळणार नाही. त्याच पाच दिवसांतली एक लढत आहे. दुसऱ्या फेरीत १७ वर्षांच्या एका मुलाच्या कानशिलावर उजव्या हाताचा ठोसा बसला, तो गुडघ्यावर आला आणि चौथ्या आकड्याला उठून उभा राहिला. नियमाप्रमाणे मी आठपर्यंत मोजले. मुलाने दोन्ही हात वर धरले होते, पाय स्थिर होते, आणि मंडपातल्या सगळ्यांना तो ठीक दिसत होता. मी त्याला माझ्याकडे एक पाऊल यायला सांगितले. तो आला, पण माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे पाहत तिरका आला. मी हात हलवून लढत थांबवली. त्याचे वडील खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, त्याचा शिक्षक मला काय काय बोलला ते इथे लिहिणार नाही. डॉक्टरांनी तपासले तेव्हा त्या मुलाला आपण कोणत्या गावात आहोत ते सांगता आले नाही. माझ्या आणि त्या मुलाच्या मध्ये तेव्हा फक्त दोन फुटांचे अंतर होते आणि ते तिरके पाऊल सभागृहात माझ्याशिवाय कोणालाही दिसलेले नव्हते.

हे काम किती कठीण आहे, याची साक्ष मोठ्या लढतींतही सापडते. १७ मार्च १९९० रोजी लास व्हेगासमध्ये मेल्ड्रिक टेलर हा हुलिओ सेसार चावेझविरुद्ध तीनपैकी दोन जजांच्या गुणपत्रकांवर पुढे होता; शेवटच्या फेरीची अवघी दोन सेकंदे उरली असताना रेफरी रिचर्ड स्टील यांनी लढत थांबवली आणि टेलर हरला. त्यांचे चुकले की बरोबर होते, यावर आजही वाद होतात. उलट बाजूला १९८२ सालची रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम डुक-कू यांची लढत आहे. ती चौदाव्या फेरीत थांबली, पण किम काही दिवसांत गेला. त्यानंतर विजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ फेऱ्यांवर आणल्या गेल्या. हौशी बॉक्सिंगमध्ये २०१३ पासून प्रौढ पुरुष हेडगार्डशिवाय खेळू लागले, त्यामुळे रेफरीच्या डोळ्यांवरचा भार वाढलाच आहे. या जबाबदारीच्या मानाने मिळणारे पैसे फार थोडे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते वाढावेत म्हणून संघटनांनी सरकारकडे आणि प्रायोजकांकडे आग्रह धरला पाहिजे.

तरीसुद्धा आपल्या मुलाने जिमची नोकरी सोडू नये, असे मी म्हणतो, आणि त्याचे कारण केवळ घरखर्च नाही. ज्या पंचाचे पोट पंचगिरीवर असते, त्याला पुढच्या स्पर्धेचे बोलावणे कोणाकडून येणार याचा विचार करावाच लागतो. बोलावणारे आणि रिंगच्या कोपऱ्यात उभे असणारे बहुतेक वेळा एकमेकांच्या ओळखीचे असतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील वादग्रस्त निकालांनंतर तिथे काम केलेल्या सर्व ३६ रेफरी व जजांना बाजूला ठेवण्यात आले, आणि २०२१ साली रिचर्ड मॅकलारेन यांच्या चौकशी अहवालाने लढतींचे निकाल फिरवण्याची व्यवस्थाच तिथे अस्तित्वात होती असे दाखवून दिले. मानधन तुटपुंजे, पण परदेशवाऱ्या आणि मोठ्या नेमणुका मूठभर माणसांच्या मर्जीवर अवलंबून, असे असले की भला माणूसही कचरतो. मी त्या मुलाची लढत थांबवली तेव्हा त्याच्या शिक्षकाचे संघटनेत वजन होते. मला पुढची दोन वर्षे राज्य स्पर्धेचे पत्र आले नाही. त्या दोन वर्षांत माझ्या घरात काहीच अडले नाही, कारण पहिल्या तारखेला बँकेचा पगार होत होता. तो नसता तर त्या दिवशी माझा हात तितक्याच लवकर हलला असता का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे.

आपल्याकडे २०२५ साली अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मॅटवर निकाल न पटल्याने एका मल्लाने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेच असेल. पंचाच्या वाट्याला हेही येते, आणि बॉक्सिंगचे प्रेक्षक कुस्तीच्या प्रेक्षकांपेक्षा शांत असतात असे मानायचे कारण नाही.

तर मुलाने करावे काय? जिम सुरू ठेवून त्याने पंचांच्या परीक्षेची वाट धरावी. आधी जिल्हा पातळीवर काम, मग राज्याची परीक्षा, मग बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडियाची राष्ट्रीय परीक्षा आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय तारांकित श्रेणी, असा हा जिना आहे. लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष रिंगमधील परीक्षा द्यावी लागते आणि यात वर्षे जातात. आंतरराष्ट्रीय पातळीवर सध्या संघटनाच बदलली आहे. जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता ऑलिंपिक समितीने २०२३ साली काढून घेतली, आणि भारतीय फेडरेशन आता वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेबरोबर आहे. त्यामुळे परदेशी तारांकित पंच बनवण्याचे अभ्यासक्रम कोणी पैसे घेऊन देऊ करत असेल, तर जिल्हा आणि राज्य संघटनेकडे चौकशी केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. निवृत्तीनंतर आपल्या हातात मोठी रक्कम येणार आहे आणि अशा वेळी मागणारे नेमके दारात येतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

दुसरी अडचण त्याच्या लक्षात आणून द्या. तो मुलांना शिकवतो. ज्या स्पर्धेत त्याची मुले उतरतील, तिथे त्याला पंच म्हणून उभे राहता येणार नाही, आणि तशी वेळ आली तर त्याने स्वतः होऊन सांगावे. शिकवणे आणि पंचगिरी यांतले त्याला मनापासून काय आवडते, हे त्याला यातूनच कळेल.

मिळकत वाढवायची असेल, तर ती वाढ शिक्षणातून येईल. पुण्यात शारीरिक शिक्षणाची चांगली महाविद्यालये आहेत, बी.पी.एड. दोन वर्षांत होते आणि त्या आधारावर शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा मिळू शकते. शिकवण्याकडेच ओढा असेल, तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम आहे. लष्करी क्रीडा संस्था आपल्याच शहरात असल्यामुळे आणि बालेवाडीत राज्याचे क्रीडासंकुल असल्यामुळे चांगल्या लढती जवळून पाहण्याची जी संधी पुण्यातील मुलाला मिळते, ती राज्यातील फार थोड्या शहरांत मिळते. शाळेच्या नोकरीत सुट्ट्याही पंचगिरीला सोयीच्या पडतात. बेलेस यांचेही काम शाळेतलेच होते, हे मुलाला पुन्हा एकदा सांगायला हरकत नाही.

स्थळांच्या बाबतीत आपण काहीही लपवू नये आणि फुगवूनही सांगू नये. मुलगा जिममध्ये बॉक्सिंगचा प्रशिक्षक आहे, पगार इतका आहे, पुढे बी.पी.एड. करणार आहे, आणि वर्षातले काही दिवस स्पर्धांमध्ये पंच म्हणून जातो, अशा क्रमाने सांगावे. २५,००० डॉलरचा उल्लेख करू नये. मात्र स्पर्धेच्या दिवसांत तो घरी नसेल आणि त्या दिवसांचे पैसे जवळजवळ खर्चातच जातील, हे मुलीला स्वतः भेटून त्यानेच सांगितलेले बरे. माझ्या पत्नीला मी ते लग्नाआधी सांगितले नव्हते आणि पहिली काही वर्षे तिला त्याचा त्रास झाला.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या की संयोजकांना माणसे कमी पडतात. मुलाला तिथे पहिल्या वर्षी घड्याळ सांभाळायला पाठवा. टाइमकीपरच्या टेबलावरून रेफरीचे पाय कसे हलतात ते सर्वांत चांगले दिसते. त्याच्याबरोबर आपणही एक दिवस जाऊन बसा. जाताना त्याच्या पिशवीत एक जादा पांढरा शर्ट असू द्या, कारण ऐन वेळी एखादा जज आला नाही तर त्याला उठून त्या खुर्चीवर बसायला सांगतील. माझी सुरुवात अशीच झाली होती.